बीकर आणि चहाचा ग्लास

मा. संपादक,
स. न.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा-खरेदीबद्दल एका पालकांचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचले. एका बीकरच्या पैशात चहाचे अर्धा डझन ग्लास येतात, काच ती काच, मग वरचे पैसे कोणाच्या खिशात जातात, असा त्यांचा सवाल आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सगळी नोकरी काचसामान देण्या-घेण्यात आणि फुटलेल्याची नोंद करण्यात गेली, म्हणून हे उत्तर.

मी कराडचा. शेजारच्या ओगलेवाडीला १९१६ साली निघालेल्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता, त्यांना आठवत असेल, तापल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की काच गेलीच. अमेरिकेत रेल्वेच्या कंदिलांचे हेच दुखणे होते. त्यावर उपाय म्हणून कॉर्निंग कंपनीने कमी प्रसरण पावणारी काच काढली आणि त्याच वाटेने १९१५ साली पायरेक्स बाजारात आली. त्याच्याही आधी जर्मनीत येना येथे ऑटो शॉट यांनी बोरॉन घालून अशी काच केली होती. हीच बोरोसिलिकेट काच.

प्रयोगशाळेत याचा अर्थ रोज कळतो. पोरगा उकळता बीकर जाळीवरून उचलतो आणि थेट ओल्या कडप्प्यावर टेकवतो. साधी काच असेल तर बुडाची चकती ओट्यावर राहते, वरचे नळकांडे हातात येते आणि आतले आम्ल जिकडे तिकडे. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून निभावते. पण तिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते. ती वितळवायला भट्टी १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावी लागते, आणि बोरॉनचे खनिज आपल्याकडे मुख्यतः तुर्कस्तान-अमेरिकेतून येते. शिवाय साधी काच पाण्यात सोडा सोडते. तिची बारीक पूड पाण्यात ढवळा आणि आम्लारी ओळखणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका, पाणी गुलाबी होते. अशा भांड्यात नेमके मोजमाप कसले करणार?

तरीही सगळी किंमत काचेच्या जातीची नाही. घरी मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो ते वाडगेही अनेकदा याच काचेचे असतात आणि तुलनेने स्वस्त पडतात, कारण यंत्र साच्यात दाबून ते लाखांनी काढते. खरा पैसा जातो तो मोजमापात आणि हातकामात. १०० मिलीच्या ‘अ’ (सर्वांत काटेकोर) वर्गाच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कला (नेमक्या मापाचे द्रावण करायच्या लांब मानेच्या चंबूला) चूक माफ आहे ०.१ मिली, म्हणजे जेमतेम दोन थेंब. कोणत्याही दोन फ्लास्कची मान तंतोतंत सारखी नसते, म्हणून खूण प्रत्येकाच्या मापाप्रमाणे वेगळी करावी लागते. तीही ठरलेल्या तापमानाला: युरोपात २० अंश, आपल्याकडच्या मानकात २७. सेपरेटिंग फनेलची (न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या नरसाळ्याची) काचेची चावी बहुधा कार्बोरंडमच्या कठीण पुडीने त्याच फनेलशी घासून बसवलेली असते, म्हणून एकाची चावी दुसऱ्याला लावली की गळती सुरू. (परीक्षेच्या आदल्या दिवशी हा घोळ हमखास व्हायचा.) जोडकाम झाल्यावर भांडे पुन्हा सुमारे ५६० अंशांवर तापवून सावकाश निववतात आणि आत ताण राहिला का, ते ध्रुवित (पोलराइज्ड) प्रकाशात बघतात.

पालकांचे म्हणणे अर्धे मात्र मला पटते. अकरावी-बारावीच्या टायट्रेशनला प्रमाणपत्रासह ‘अ’ वर्गाची ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची नळी) कशाला हवी? ‘ब’ वर्गाची चूक दुप्पट धरली तरी मुलांच्या डोळ्यांची चूक तिच्याहून मोठी असते. मीठ-तुरटी भरायच्या बाटल्या साध्या काचेच्या चालतात. तिथे खुशाल वाचवा.

नुकसान होते ते दुसरीकडेच. मागणीपत्रात नुसते ‘काचेचे बीकर, २५० मिली, ५० नग’ असे लिहायचे आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचे, हा प्रकार मी एका महाविद्यालयात जवळून पाहिला. आलेला माल दिसायला छान होता. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यातले निम्मे फुटले आणि ब्रेकेजचे पैसे मुलांकडून वसूल झाले. त्या पोरांची काय चूक?

मागणीपत्रात ‘बोरोसिलिकेट ३.३’ (३.३ हा तिच्या प्रसरणाचा आकडा), मोजपात्र असेल तर वर्ग आणि मानक क्रमांक लिहायला एक ओळ पुरते. माल उतरवून घेताना त्यातली एक परीक्षानळी ग्लिसरीनमध्ये बुडवून बघा. बोरोसिलिकेट असेल आणि आतही ग्लिसरीन भरले तर बुडालेला भाग दिसेनासा होतो, साध्या काचेची कड स्पष्ट दिसत राहते. ग्लिसरीन कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. त्या पालकांनी खरेदी समितीकडे बिलाच्या आधी ही परीक्षा मागावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कराड