डेंगूच्या कार्डावरची पुसट रेघ आणि एलिसा: मदत हवीय

इंदूरच्या रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर आणि आसपासच्या सगळ्या मंडळींना आपल्या मंडळाच्या आरोग्य समितीचा नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना ताप आला, तिसऱ्या दिवशी जवळच्या एका लॅबमध्ये डेंगूची कार्ड टेस्ट केली (रक्ताचा थेंब टाकला की रेघ उमटते ती), आयजीएमच्या, म्हणजे रोगाशी लढायला शरीर बनवतं त्या अँटीबॉडीच्या, जागी रेघ इतकी पुसट की ट्यूबलाइटखाली कार्ड धरून आम्ही तिघं वाद घालतोय, आहे की नाही. रिपोर्ट आला पॉझिटिव्ह. आठ दिवसांनी एलिसा, म्हणजे लॅबमध्ये मशीनवर वाचतात ती रक्ताची टेस्ट, केली तर डेंगू नाहीच, चिकनगुन्या निघाला, तोवर रोज प्लेटलेटसाठी हातात सुया. मुळात तिसऱ्या दिवशी आयजीएम बघण्यात अर्थच नव्हता, ते दिसायला साधारण पाच दिवस लागतात, त्याआधी एनएस-१, म्हणजे डेंगूच्या विषाणूचंच प्रोटीन, बघायचं असतं. आणि आयजीएम एकदा आलं की दोन-तीन महिने रक्तात राहू शकतं, म्हणजे आषाढातला डेंगू भाद्रपदातल्या तापाच्या माथी! जपानी मेंदूज्वर आणि झिका तर डेंगूच्याच घराण्यातले, त्यांच्या अँटीबॉडीनेही टेस्ट फसते.

हिशोब सांगते. समजा एखादं कार्ड डेंगूवाल्या शंभरातले ९० पकडतं आणि डेंगू नसलेल्या शंभरातल्या ९० जणांना बरोबर नाही म्हणतं. ऐकायला छान. पण तापाच्या १०० पेशंटमध्ये खरा डेंगू १० जणांनाच असेल तर पॉझिटिव्ह येणार १८, त्यातले ९ खरे आणि ९ फुकटचे घाबरलेले.

एलिसाही अगदी बिनचूक नाही, पण तिथे रेघ डोळ्याने ताडायची नसते, मशीन आकडा देतं. अडचण अशी की एका प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, सॅंपल जमेपर्यंत बऱ्याच लॅब थांबतात, रिपोर्ट लांबतो. सरकारी सेंटिनल केंद्रांना (रोगावर नजर ठेवायला नेमलेल्या लॅब) पुण्याच्या एनआयव्हीकडून, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून, आयजीएमचे किट मिळतात, पण रोजंदारीवरच्या माणसाने दिवसाची मजुरी बुडवून लाइनीत उभं राहायचं कसं? म्हणून यंदा सॅंपल एकत्र गोळा करून आम्ही पोचवणार, ज्यांना परवडत नाही त्यांच्या टेस्टचे पैसे भरणार, आणि ज्यांनी आधी कार्ड केलंय त्यांचे दोन्ही रिपोर्ट नाव न लिहिता रजिस्टरला शेजारी-शेजारी मांडणार, म्हणजे कार्ड किती वेळा चुकतं ते आपल्यालाच कळेल.

तर पैसे द्या, २५१ द्या का २१०० द्या, पावती मिळेल. सकाळी स्कूटरवर सॅंपल नेणारे दोघं-तिघं हवेत. कोणी लॅब टेक्निशियन रिटायर होऊन घरी बसले असतील तर त्यांना आधी पाठवा, रक्त काढायला हात सराईत लागतो. पहिल्याशी ताडून बघायला दहा-चौदा दिवसांनी दुसरं सॅंपल लागतं, ते द्यायला पेशंट टाळतात, त्यांच्या मागे लागायला एखादी चिवट काकू मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आणि हो, शहर स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून खुश राहू नका भिया, हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून टाक्या-पिंप भरून ठेवतो ना आपण, त्यांना झाकण लावा, आठवड्यातून एकदा घासून काढा.

रोज संध्याकाळी सहा ते आठ मंडळाच्या हॉलवर आहोत. आइसबॉक्स असेल कोणाकडे तर तोही आणा, धुऊन परत करू.