मोतद्दाराचं नाव सवारांच्या पानावर लिहिणाऱ्या दफेदार काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, तेवढं चालवून घ्या.

आमच्या पणजोबांचं ते तपकिरी पदक घेऊन मी बऱ्याच उंबरठ्यांवर गेलो. एका जाणकार म्हणवणाऱ्या व्यापाऱ्याने ते तळहातावर उडवून पाहिलं आणि म्हणाला, "चांदी नाही, नोकराचं आहे. ठेवा घरीच." एका कार्यालयात तर ते हातातही घेतलं नाही. "आमच्याकडे सैनिकांची नोंद असते," एवढंच. नोकराचं! हे ऐकून घरी आल्यावर आईला काय सांगायचं, हे मला सुचत नसे.

तुम्ही ते खिडकीपाशी नेलंत, भिंग घेतलंत आणि राणीच्या चेहऱ्याकडे न बघता आधी कडेवर बघितलंत. तिथे तिरक्या अक्षरांत पणजोबांचं नाव, त्याआधी 'सईस', म्हणजे घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, आणि पुढे तिसरी बॉम्बे कॅव्हलरी, म्हणजे त्यांचं घोडदळ. १९०० सालची चीनची मोहीम. लढणाऱ्याला चांदीचं पदक. मोतद्दार, पाणी वाहणारे पखाली, डोलीवाले यांना तेच ब्राँझचं. छाप तीच, किरमिजी फीत तीच, कडेच्या पिवळ्या पट्ट्याही त्याच. फरक फक्त धातूचा. हे तुम्ही आईला समजेल अशा भाषेत सांगितलंत.

मग शिलेदारी पद्धत सांगितलीत. सवाराने घोडा स्वतःचा आणायचा, हे आम्हाला मराठेशाहीच्या इतिहासातून माहीत होतं. इंग्रजांच्या रिसाल्यांतही तीच रीत चालू राहिली आणि साधारण दोन सवारांमागे एक मोतद्दार व एक तट्टू असायचं, हे मात्र तुमच्याकडून कळलं. त्याने गवत कापून आणायचं, खरारा करायचा, दाणा-पाणी बघायचं. मोहिमेवर निघाले की बोटीच्या पोटात घोडे आठवडेच्या आठवडे उभे. "तिथे जनावर जिवंत कोणी ठेवलं असेल ते तुम्हीच सांगा," असं तुम्ही आईलाच विचारलंत. आई पहिल्यांदा हसली.

पण मला जे विसरता येत नाही ते वेगळंच. तुम्ही तुमची ती जाड वही काढलीत, जुन्या रिसाल्यातल्या माणसांची नावं टिपून ठेवलेली. मला वाटलं, शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून लिहाल. तुम्ही चीनचं पान उघडलंत. तिथे एका दफेदाराचं नाव होतं, त्याच्याखाली दोन सवार. त्यांच्याच खाली, त्याच शाईने, त्याच रकान्यात पणजोबांचं नाव लिहिलंत. इंग्रज कारकुनाने ते कसंही कोरलं होतं, म्हणून आधी आईला विचारलंत, "घरात काय म्हणायचे त्यांना? तसंच लिहितो." आणि हुद्द्याच्या जागी ठसठशीत अक्षरांत 'मोतद्दार'. काका, एवढी वर्षं हुद्दा हीच आमच्या घरची अडचण होती. आजोबा कुणी विचारलं तर "वडील फौजेत होते" एवढंच सांगायचे, पुढचं गिळायचे.

तुम्ही स्वतः रिसाल्यातले. तिसरी बॉम्बे कॅव्हलरी पुढे १९२१ साली पूना हॉर्समध्ये मिसळली, त्या परंपरेचा तुम्हाला केवढा अभिमान! तो बाळगूनही तुम्हाला मोतद्दार परका वाटला नाही. माणसाचं मोठेपण मला तरी यातच दिसतं. चहाशिवाय काही घेतलं नाहीत, तेही साखर कमी.

आता एक काम काढलंय. आईच्या माहेरी शेजारच्या घरात असंच एक ब्राँझचं पदक निघालंय; त्यांचे पूर्वज पखाली होते म्हणतात. चिंच-मीठ लावून घासायला निघाले होते, कडेची अक्षरं पुसतील म्हणून थांबवलंय. तुमची सवड कळवा, त्यांना घेऊन येतो. वहीही काढून ठेवा.

आपला,
एका मोतद्दाराचा पणतू