शेडच्या निविदेत बोल्टचीही नोंद हवी

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वळवाच्या वादळात पत्रे उडाल्याच्या आणि शेड कोसळल्याच्या बातम्या मराठवाड्यातून दर उन्हाळ्यात येतात व त्यांत दोष बहुधा वाऱ्याला दिला जातो. वास्तविक भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिलेला आहे आणि आराखडा त्याच आधारे केला जातो. खांब, ट्रस (छताचा त्रिकोणी सांगाडा) आणि पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या कड्या) आराखड्याप्रमाणे आले की नाहीत हे वजनकाट्यावर व मोजपट्टीने तपासले जाते. परंतु ज्या बोल्टवर हे सारे तोललेले असते, त्याची चौकशी सहसा कोणीच करत नाही.

याचे कारण खरेदीच्या पद्धतीत आहे. पोलादी कामाचा दर बहुधा टनावर आणि ‘नट-बोल्टसह’ असा एकत्रित ठरतो, त्यामुळे बोल्टचा वेगळा हिशेब राहत नाही आणि ठेकेदाराला जो स्वस्त मिळेल तो चालतो. आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात आजही ‘पाच सुताचे, दोन इंची, वीस किलो’ अशी मागणी होते. या मागणीत बोल्टची ताकद कोठेही नाही. शिवाय पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हणजे १५.९ मिलिमीटर आणि आराखड्यातील एम १६, म्हणजे मेट्रिक मापाचा बोल्ट, १६ मिलिमीटर, हे दोन्ही दिसायला सारखे असले तरी त्यांच्या आट्यांतील अंतर वेगळे असते. एकाचा नट दुसऱ्यावर थोडा फिरून अडकतो, मजूर पाना लावून तो बळाने बसवतो आणि आटे तेथेच खराब होतात.

ताकदीचा फरक किती मोठा आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. बोल्टचे ताकदीनुसार वर्ग असतात. ४.६ वर्गाच्या बोल्टची ताणशक्ती (तुटण्यापूर्वी सोसता येणारा ताण) चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन, तर ८.८ वर्गाची ८०० न्यूटन असते. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानक ८०० प्रमाणे हिशेब केला, तर कातरबलाच्या प्रतलात, म्हणजे प्लेट सरकून बोल्ट आडवा कापला जाऊ शकतो त्या जागी, आटे येत असताना एम २० चा ४.६ वर्गाचा एक बोल्ट सुमारे ४५ किलोन्यूटन बल घेतो आणि ८.८ वर्गाचा त्याच्या दुप्पट. म्हणजे ८.८ धरून आखलेल्या जोडात दुकानातून बिनखुणेचा माल आला, तर जोडाची ताकद निम्म्यावर येऊ शकते, आणि रंग दिल्यानंतर ते कोणाच्याही नजरेस येत नाही. डोक्यावर उत्पादकाची खूण व ‘८.८’ हा आकडा, आणि नटवर ‘८’ हा अंक, एवढे पाहूनच माल उतरवून घ्यावा.

सगळीकडे ८.८ च हवेत, असा माझा आग्रह मुळीच नाही. हलक्या पर्लिनला ४.६ पुरतात, आणि इमारतीच्या पायात गाडायच्या बोल्टसाठीही अनेकदा तेच योग्य असतात. उलट ८.८ चा बोल्ट उष्णोपचाराने कणखर केलेला असतो. छिद्रे जुळली नाहीत म्हणून गॅसने ती मोठी करून नट वेल्ड करण्याची जी सवय फॅब्रिकेटरना लागली आहे, त्या उष्णतेने हा कणखरपणा जातो. ही पद्धत मी अत्यंत धोकादायक मानतो.

मागणीपत्र लिहिताना बोल्टचा व्यास, लांबी, वर्ग, मानक क्रमांक, जस्तलेप, नटचा वर्ग आणि वॉशर या सर्वांचा उल्लेख व्हावा, आणि संख्या किलोने नव्हे तर नगांत लिहावी. लांबी अंदाजाने सांगू नये. १० व १२ मिलिमीटरच्या दोन प्लेट जोडायच्या असतील, तर त्यांची जाडी २२, वॉशर ३, एम २० चा नट सुमारे १८ आणि बाहेर उरणारे दोन आटे ५, असे ४८ मिलिमीटर होतात, म्हणून ५० चा बोल्ट मागवावा. कुक्कुटपालनाच्या किंवा खताच्या गोदामाच्या शेडला, जिथे हवेतील अमोनिया व ओलावा पोलाद लवकर खातो, गरम जस्तलेपाचे बोल्ट घ्यावेत. मात्र या लेपामुळे नटचे आटे थोडे मोठे कापावे लागतात, त्यामुळे नट व बोल्ट एकाच पुरवठादाराकडून जोडीने मागवावेत. साधा नट आणून तो बसवण्याचा प्रयत्न करू नये.

केंद्र सरकारने बोल्ट, नट व फासनरसाठी २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, यावरून या वस्तूंचे महत्त्व सरकारलाही पटलेले आहे हे दिसते. आता जिल्हा परिषदा, बाजार समित्या आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी शाळा, गोदामे व लिलावगृहांच्या निविदांमध्ये बोल्टची नोंद वर्ग आणि नगसंख्येसह स्वतंत्र बाब म्हणून करावी, लॉट क्रमांकासह चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि शाखा अभियंत्याने रंगकामापूर्वी बोल्टच्या डोक्यावरील आकडे तपासून मोजमाप पुस्तिकेत तशी नोंद करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. पोलादाच्या एकूण खर्चात बोल्टचा वाटा लहान असतो, त्यामुळे या अटीचा निविदेच्या रकमेवर फारसा भार पडणार नाही.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता, लातूर