फी-पत्रकात अवजारांची एक ओळ लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नीटचा निकाल लागला, की नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या आमच्या दातांच्या लॅबमध्ये दोन-चार पालक हमखास येतात. आमच्याकडे काम पाठवणाऱ्या डॉक्टरांनीच त्यांना धाडलेलं असतं. "भाऊ, तुमची पोरगी बीडीएसला आहे न? सगळं मिळून किती लागते?" एवढं एकच त्यांना विचारायचं असतं. बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची पदवी. मी २३ वर्षं दात बनवतो. कवळ्या, कॅप, ब्रिज यांतलं सारं मला ठाऊक आहे. तरी २०२२ साली माझ्याच मुलीच्या प्रवेशाच्या वेळी या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. ते न आल्याने घरावर काय आलं, ते इतरांवर येऊ नये, दंत महाविद्यालयांच्या फी-पत्रकात अवजारांच्या खर्चाचीही ओळ यावी, म्हणून हे पत्र.

शासकीय दंत महाविद्यालय आमच्या लॅबपासून हाकेच्या अंतरावर. तिथली जागा थोड्या गुणांनी हुकली. केंद्रीय प्रवेश फेरीतून नागपूरबाहेर, विदर्भातल्याच एका खासगी महाविद्यालयात नंबर लागला. बँकेसाठी फी-पत्रक मागितलं तर लेटरहेडवर दोन ओळी लिहून मिळाल्या: शिक्षण शुल्क २ लाख ६० हजार, विकास शुल्क २६ हजार. आम्ही ओबीसी, त्यामुळे तेव्हाच्या नियमाने शिक्षण शुल्काचा अर्धा भार शासनाचा. विकास शुल्क सवलतीत धरत नाहीत, ते पूर्ण आपलं. वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला २ लाख २६ हजार घरातून जाणार, असा हिशेब मी लॅबच्या डायरीत मांडला. पहिली दोन वर्षं कर्जातून काढू, पुढची दोन लॅबच्या कमाईतून, असं ठरवून बँकेत गेलो.

तिथला मुलगा स्वभावाने चांगला होता. म्हणाला, "काका, चार लाखांवर कशाले जाता? चार लाखांपर्यंत मार्जिन नाही, तारण नाही. वर गेले की कागदं वाढतेत." मार्जिन म्हणजे खर्चातला आपल्या खिशातला वाटा. मला ते पटलं. आज कळतं, की त्याने सांगितलं ते अर्धं खरं होतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के मार्जिन लागतं हे खरं, पण तेही एकदम भरायचं नसतं. वर्षावर्षाला जसा कर्जाचा पैसा निघेल तसं भरायचं, आणि त्यात शिष्यवृत्तीची रक्कमही धरता येते. तारणाचं म्हणाल, तर केंद्राच्या पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. हे त्या दिवशी कळलं असतं तर मी मंजुरीच मोठी घेतली असती. मंजूर झालेले सगळे पैसे उचललेच पाहिजेत असं थोडंच असतं! कर्ज जेवढं उचलाल तेवढ्यावरच व्याज. पण एकदा मंजूर झालेला आकडा मध्येच वाढवून घेणं फार जड जातं.

पहिलं वर्ष निभावलं. वॅक्स नाइफ, कार्व्हर, मेण, ॲप्रन, सीनिअर मुलींकडून घेतलेला हाडांचा जुना संच, पुस्तकं, असे ९,४०० रुपये गेले. दुसऱ्या वर्षी एका रात्री फोन आला. "बाबा, शुक्रवारपर्यंत आर्टिक्युलेटर, मायक्रोमोटर आन् टायपोडॉन्ट पाहिजे. नसलं तर प्रीक्लिनिकलला बसू देणार नाहीत." सोबत एक लांबलचक यादी. प्रीक्लिनिकल म्हणजे रोग्याला हात लावण्याआधी नकली दातांवर करायचा सराव, आणि टायपोडॉन्ट म्हणजे त्यासाठीचा नकली दातांचा जबडा. आर्टिक्युलेटर म्हणजे जबडा मिटतो-उघडतो तसा हलणारा साचा, त्यावर कवळीचे दात बसवतात. तो मी लॅबमधून दिला. घासण्या-कोरण्यासाठीचा छोटा विजेचा मोटर, म्हणजे मायक्रोमोटर, जुना एक होता, त्याचे कार्बन ब्रश बदलून तोही दिला. तरी एअरोटरचा हँडपीस (हवेच्या दाबावर फिरणारं, दात कोरायचं अवजार), टायपोडॉन्ट, बरचे (कोरायच्या टोकांचे) संच, तोंडाचं माप घ्यायचे इंप्रेशन ट्रे, हाताची अवजारं मिळून दुकानाचं बिल ४१,६०० झालं. माझी लॅब नसती तर किती झालं असतं?

दुकानाचं कोटेशन घेऊन मी बँकेत गेलो. शैक्षणिक कर्जाच्या नियमात पुस्तकं, उपकरणं, अवजारं स्पष्ट लिहिलेली आहेत. बँक ते पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात टाकू शकते. पण उत्तर मिळालं, की महाविद्यालयाच्या फी-पत्रकात अवजारांचा उल्लेखच नाही, तर हा खर्च अभ्यासक्रमाचाच आहे हे कशावरून मानायचं? शिवाय मंजुरी फीच्या आकड्यावर झालेली. महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो. तिथले म्हणाले, "आम्ही अवजारं विकत नाही, मग त्याचं पत्र आम्ही कसं द्यायचं?" आपापल्या खुर्चीवरून दोघंही बरोबर बोलत होते. शुक्रवार मात्र जवळ येत होता.

त्या संध्याकाळी बायकोने पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. तिच्या आईच्या होत्या. आम्हाला मिळालेल्या सोनेतारण कर्जाचं व्याज शैक्षणिक कर्जापेक्षा जास्त, आणि त्याला शिक्षण संपेपर्यंतची सूट नाही, पुढच्याच महिन्यापासून भरा. पाटल्या सोडवायला आम्हाला १४ महिने लागले.

मुलीची खोलीतली मैत्रीण गडचिरोली जिल्ह्यातली. वडील धानाची शेती करतात. तिला प्रवेश घेताना फीचीच तेवढी कल्पना होती. तिने आणि माझ्या मुलीने वर्षभर एकच हँडपीस वापरला, सकाळी एकीने, दुपारी दुसरीने. प्रात्यक्षिक परीक्षेत दोघींचा नंबर एकाच तुकडीत आला, तेव्हा त्या पोरीने सीनिअरकडून ५०० रुपये देऊन तीन दिवसांसाठी भाड्याने आणला. माझी मुलगी हे सांगताना रडली होती. हातातलं अवजार ओळखीचं नसलं, की हात चुकतो. कवळी घासताना रोजचा मोटर बदलला तर मला आजही चुकतं. त्या पोरीचा तर परीक्षेतला दात होता.

माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षी २८,३०० आणि शेवटच्या वर्षी आतापर्यंत २२,७०० लागले. चार वर्षांची बेरीज १ लाख २ हजार. दंतवैद्यक हे हाताचं काम आहे, त्यामुळे अवजार हीच पाटी आणि हीच लेखणी. या खर्चाला 'किरकोळ' म्हणणारे मला भेटतात, तेव्हा मी त्यांना बिलांची फाइल दाखवतो.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधीपासून शिकणाऱ्या मुलींनाही ते लागू झालं, म्हणून तिसऱ्या वर्षापासून आमचे वर्षाला १ लाख ३० हजार वाचले. त्याबद्दल मी शासनाचा मनापासून आभारी आहे. ही माफी नसती तर आम्ही तिसऱ्या वर्षी काय केलं असतं, याचा विचारही नको वाटतो. पण यामुळेच आता नवीन अडचण होते आहे. पालक येतात आणि म्हणतात, "मुलीची फी माफ आहे, मग कर्ज कशाले?" विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि अवजारं यांचा आकडा कोणीच त्यांच्यापुढे ठेवत नाही. मग दुसऱ्या वर्षी तेही पाटल्यांपाशीच येऊन पोचतात. ज्यांना मुलगा आहे, त्यांना तर आजही निम्मी फी भरावी लागते.

व्याजाबद्दल थोडं लिहितो, कारण लोक ते विचारतच नाहीत. मी पहिल्या वर्षी २ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी २ लाख. व्याज १० टक्के धरा. शिकत असताना ते सरळ व्याजाने चढतं. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. तोवर काहीच भरलं नाही, तर पहिल्या रकमेवर ६ वर्षांचं १ लाख २० हजार आणि दुसरीवर ५ वर्षांचं १ लाख. म्हणजे ४ लाखांचे ६ लाख २० हजार होतात, आणि १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ८,२०० चा हप्ता बसतो. आमच्याकडे काम पाठवणाऱ्या दवाखान्यांत नवीन बीडीएस मुलांना सुरुवातीला १५ ते १८ हजार पगार मिळताना मी पाहतो. म्हणून मी दर महिन्याला व्याजापुरते पैसे भरतो. शिकत असतानाच व्याज भरणाऱ्यांना बँक एक टक्क्यापर्यंत सवलत देऊ शकते, आणि अनेक सरकारी बँका मुलींना वेगळी अर्धा टक्का देतात. ती मागावी लागते, आपणहून कोणी सांगत नाही. आणखी एक. आमच्या मंजुरीपत्रात अभ्यासक्रम 'चार वर्षे' लिहिला होता. बीडीएस चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, असा पाच वर्षांचा आहे. ते दुरुस्त करून घेतलं नसतं, तर इंटर्नशिप संपताच हप्ता सुरू झाला असता.

व्याजमाफीच्या योजना आहेत, पण त्यांच्या अटी आधी वाचाव्यात. केंद्राची जुनी योजना साडेचार लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला. आमचा दाखला ५ लाख २० हजारांचा, म्हणून आम्ही बाहेर. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक संस्थांपुरती, सुरुवातीला ८६०. आपलं महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी बघा. राज्याच्या ओबीसी महामंडळाचीही व्याज परतावा योजना आहे. मला तिची माहिती फार उशिरा मिळाली.

आता माझी मागणी, आणि ती एवढीच आहे. प्रत्येक दंत महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशी जे फी-पत्रक द्यायचं, त्यात वर्षनिहाय अवजारांची यादी आणि अंदाजे किंमत एका ओळीत लिहावी, आणि खाली शिक्का मारावा. शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक महाविद्यालयाची फी ठरवून जाहीर करतंच, त्याच्या शेजारी हा आकडाही द्यायला लावावा. सीईटी कक्षाने तो माहितीपुस्तिकेत छापावा. यात शासनाच्या तिजोरीतून एक पैसा जात नाही. त्या एका ओळीमुळे बँकेला पाच वर्षांची मंजुरी एकदम देता येईल, आणि घरातलं सोनं घरात राहील.

हे मी एवढ्या तळमळीने लिहितो, कारण रोज माझ्या टेबलावर विदर्भातली तोंडं येतात. पूर्वी साध्या ट्रेमध्ये मापं यायची. आता दर आठवड्याला दोन तुकड्यांत घेतलेलं एखादं माप येतं, कारण खर्ऱ्याने (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने) रोग्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, अख्खा ट्रे आत जात नाही. चिठ्ठीवर वय लिहिलेलं असतं: २८, ३१, एकदा तर १९. हे रोगी गोंदिया, गडचिरोली, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शिवनी, बालाघाटहून इथल्या मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, येतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्यांच्या गावाजवळ दंतवैद्य हवा. ती धान पिकवणाऱ्या घरची पोरगी आपल्या तालुक्यात परत जायचं म्हणते. तिच्यावर हप्त्यांचा डोंगर असला तर ती जाईल कशी?

गेल्या रविवारी उमरेडचे एक गृहस्थ फी-पत्रक घेऊन लॅबमध्ये आले होते. मुलाला बीडीएसला घालायचं आहे, पत्रकावर त्याच दोन ओळी. मी त्यांच्या कागदाच्या मागे पेन्सिलीने चारही वर्षांची अवजारं आणि माझ्या बिलांवरच्या किमती लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा बँकेतून फोन आला. साहेबांनी यादी नीट वाचली, खर्च मान्य आहे म्हणाले, फक्त महाविद्यालयाचा शिक्का हवा. तो कागद घेऊन ते या आठवड्यात महाविद्यालयात जाणार आहेत.

आपला,
एक दंत तंत्रज्ञ आणि पालक,
हनुमान नगर, नागपूर

(मुलगी अजून शिकते आहे, म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)