पियाजे शिकवा, पण अर्धवट नको

मा. संपादक,

टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी करणाऱ्यांच्या नोट्स बघितल्या की बालमानसशास्त्राचा भाग सगळीकडे सेम, मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या विचारांच्या वाढीच्या चार अवस्था, पुढे वयं, झालं पाठांतर. 30 मार्कांचा विषय आहे त्यामुळे मुलं रट्टा मारतात, त्यांची चूक नाही. पण पियाजेनंतर जो वाद झाला तो कोणी शिकवतच नाही याचं फार वाईट वाटतं.

त्याचा प्रयोग माहितीच असेल. बटणांच्या दोन सारख्या ओळी, मूल म्हणतं दोन्हीत सारखीच, मग मोठा माणूस एक ओळ लांबवतो आणि परत तेच विचारतो, तर चार-पाच वर्षांचं मूल म्हणतं लांब ओळीत जास्त. म्हणजे साधारण सातव्या वर्षापर्यंत संख्या तीच राहते हे मुलाला कळत नाही, असा निष्कर्ष. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी 4 ते 6 वर्षांच्या 80 मुलांवर हेच केलं, फक्त ओळ विस्कटायला खोक्यातून एक खोडकर टेडी बाहेर यायचा. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम 16 टक्के मुलं बरोबर आली होती, टेडीने गडबड केल्यावर 60 टक्क्यांच्या वर!

कारण मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर आता चालणार नाही. त्याच वर्षी रोझ आणि ब्लँक यांनी प्रश्न एकदाच विचारून बघितला तर चुका कमी झाल्या. आपल्या वर्गात तरी वेगळं काय होतं, पहिलीतल्या पोराने सात बरोबर सांगितलं आणि बाई म्हणाल्या "नक्की? परत मोज बरं", की ते लगेच आठ म्हणतं, आणि आपण शेरा मारतो संख्याज्ञान कच्चं.

टेडीवरही आक्षेप आलेत. काहींचं म्हणणं, मुलं टेडीच्या गमतीत एवढी रमतात की ओळीकडे लक्षच जात नाही. मूर आणि फ्राय यांनी 1986 मध्ये टेडीला खरंच बटणं कमीजास्त करायला लावली तर बरीच मुलं तेव्हाही सारखीच म्हणाली. पियाजेला पूर्ण खोडून काढा असं मी म्हणतच नाहीये, पण मूल चुकलं की आपला प्रश्न चुकला हे तपासायचं कसं, ते भावी शिक्षकांना यायलाच हवं. डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) अभ्यासक्रमात हे प्रयोग घ्या, विद्यार्थ्यांना बालवाडीत नेऊन दोन्ही पद्धतींनी करून बघायला लावा, मूठभर बटणं आणि एक टेडी एवढंच सामान लागतं.

एक प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा