गाडी लावण्याआधी वारा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे कॅम्परव्हॅन (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन येणारे बरेच जण आमच्या द्राक्षबागेशेजारच्या मोकळ्या पट्ट्यात मुक्काम करतात. आल्या आल्या एकच विचारणा, "ताई, पाणी कुठून छान दिसतं?" वाऱ्याची चौकशी कोणी करत नाही.

आमच्याकडचा वारा दोन तऱ्हेचा. जुलै-ऑगस्टमध्ये तो पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या डोंगरांवरून एकसारखा वाहतो. तेव्हा गाडीचं तोंड पश्चिमेला केलं की निम्मी काळजी मिटते. गाडी आडवी लावली, तर तिची अख्खी बाजू वाऱ्याला सापडते आणि आतले रात्रभर हेलकावे खातात. एप्रिल-मेमधला वळवाचा वारा मात्र दिशा सांगून येत नाही. दुपारभर पान हलत नाही, अंगाची काहिली होते, मग आभाळ काळवंडतं आणि एकदम गार झोत लागतो. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पावसाच्या आधी पोचते, तिचाच हा झोत. लोकांना बरं वाटतं, खुर्च्या बाहेर निघतात! खरं तर तोवर ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला सावलीसाठी उघडायचं कापडी छत, गुंडाळायलाही उशीर झालेला असतो.

गेल्या वैशाखात पुण्याच्या एका कुटुंबाने "दोऱ्या बांधल्यात, काही होत नाही" म्हणून ऑनिंग उघडंच ठेवलं. वाऱ्याने कापड खालून उचललं, पुढचे दोन्ही पाय उपटले आणि दांडी टपावरून पलीकडे फेकली. पत्र्यातले स्क्रू निघून आले. त्याच गडबडीत मुलाने दार उघडलं, ते हातातून सुटलं आणि बिजागरीत वाकलं. बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालणाऱ्या आम्हाला यात नवल नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हवामान खात्याने ताशी ४० ते ५० किमी वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा दिला असेल, त्या दिवशी मी ऑनिंग उघडूच देत नाही. इशारा नसला तरी झोपताना आणि फिरायला जाताना ते मिटलेलं हवं. वर उचलायचं छत असेल तर तेही खाली. सावलीसाठी गुलमोहराखाली गाडी लावू देत नाही, कारण वळवात पहिली फांदी त्याचीच मोडते. पाहुणे रुसतात. रुसू देत.

वारा शिरतो म्हणून गाडीच्या तळाजवळच्या जाळ्यांत फडकी कोंबणारेही पाहिलेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळलाच तर तिथूनच बाहेर जातो. शिवाय सगळं बंद करून आत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, आणि त्याला वास नसतो.

जाता-येताना, विशेषतः समृद्धीवर बोगद्यातून बाहेर पडताना, उंच पुलावर किंवा ट्रकला ओलांडताना, वारा एकदम कडेने लागतो. तिथे वेग आधीच कमी असावा.

गाड्या भाड्याने देणारे ऑनिंग कसं उघडायचं ते दाखवतात, कधी मिटायचं ते सांगत नाहीत. किल्लीबरोबर एक छापील मराठी कागद द्यायला काय हरकत आहे? आपणही हवामानाच्या चौकटीत तापमानाशेजारी वाऱ्याच्या वेगाचा अंदाज छापावा. बागाईतदारही तो रोज पाहतील.

— एक द्राक्ष बागाईतदार महिला, गिरणारे (जि. नाशिक)