आमच्या वॉर्डातल्या आशा सेविका ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "माझं नाव कशाला, काम लिव्हा की," असंच तुम्ही म्हणाला असतात. म्हणून कामच लिहिते.

आम्ही दोघं बीड जिल्ह्यातली, धारूर तालुक्यातली. मी शिवाजी विद्यापीठात भूगोलात पीएच.डी. करते, नवरा बी.एड. करतो आणि संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसतो. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आमच्याकडेही आहे, पण दिवाळी सरली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. माहेर काय, सासर काय, दोन्हीकडची माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एकच जोडी. माय निघाली तर बापाचंही काम अडतं, वर खाड्याचे पैसे कापले जातात आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तशीच अंगावर राहते. यंदा टोळी कर्नाटकात आहे. माझी तारीख जानेवारीअखेरची, म्हणजे ऐन हंगामातली. मायला कोणत्या तोंडानं ये म्हणू? घरमालकीण मनाने फार चांगल्या, पण त्यांचे सल्ले पपई आणि ग्रहण यांच्यापुढे जात नव्हते.

अशात तुम्ही सर्व्हे करत दारात आलात. मी दिवस गेल्याचं सांगितल्यावर अभिनंदन वगैरे नाहीच, थेट "पाळी कवाची चुकली?" कॉटवरची पुस्तकं सरकवून बसलात आणि वही उघडलीत. असले विषय निघाले म्हणून नवरा गॅलरीकडे निघाला, तर त्याला दरडावलंत, "बस हितं. दोघास्नी एकदमच सांगतो. मागनं मला म्हायती न्हवतं म्हणाय नको."

तुमच्या सगळ्या मदतीत मला हीच सगळ्यात मोठी वाटते. गोळ्या-इंजेक्शनं दवाखान्यात मिळालीच असती. पण बाळंतपण म्हणजे बायकांचा मामला असं धरून चालणाऱ्या घरांतून आलेल्या आम्हा दोघांना तुम्ही पहिल्याच दिवशी एका कॉटवर बसवलंत. माता-बाल संरक्षण कार्डसुद्धा त्याच्याच हातात दिलंत. आता ते त्याच्या बी.एड.च्या फाइलमध्ये, पाठ टाचणांच्या वर असतं आणि पुढची तपासणी कधी ते तोच मला सांगतो.

माझं हिमोग्लोबिन 9.4 निघालं तेव्हा मी घाबरले. तुम्ही घाबरला नाहीत, चिडलात. लोहाच्या गोळ्या मी चहाबरोबर घेत होते आणि कॅल्शियमचीही त्याच वेळी. तुम्ही पेन काढून एका पाकिटावर 'रात्री, जेवण झाल्यावर' आणि दुसऱ्यावर 'सकाळी' असं ठळक लिहिलंत. दोन्हींत अंतर ठेवायचं, लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नाही, वरून लिंबू पिळलेलं पाणी चालेल, शी काळी झाली तर डॉक्टरकडे पळत सुटायचं नाही. इतकं साधं, पण तोवर कुणी सांगितलं नव्हतं. भूगोलात पीएच.डी. करून हे कळत नाही, असा टोमणा तुम्ही मारला नाहीत, याचेही आभार!

मातृवंदना योजनेच्या फॉर्मचं तर काय सांगू. पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात हे ऐकून माहीत होतं. पण पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात आणि माझं जोडलेलं खातं धारूरकडचं, ज्याचं पासबुक कुठल्या पेटीत आहे ते मायलाच ठाऊक, हे तुमच्या प्रश्नांमुळे वेळेत लक्षात आलं. विद्यापीठातल्या रजेचंही तसंच. पीएच.डी. करणाऱ्या मुलींना यूजीसीच्या नियमाने 240 दिवसांपर्यंत प्रसूती रजा मिळते, हे मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "अर्ज दिलास काय?" दुसऱ्या दिवशी दिला.

आणि मायचा फोन. मी जन्मले ती उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. मायकडे ना कार्ड होतं, ना तारीख. तिने धाकधुकीने विचारलं, "सिझर म्हनले तर पैसं किती लागतेल?" सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण, काहीच पैसे लागत नाहीत, हे तुम्ही तिला सांगितलंत. तिने पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा सांगितलंत, आवाज न चढवता. आता ती कधीकधी मला वगळून तुम्हालाच फोन लावते. माझी हरकत नाही.

हे सगळं करून तुमच्या हाती काय पडतं, हे हळूहळू कळलं. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला आणि 2024 च्या सुरुवातीला मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून आशांना आझाद मैदानावर बसावं लागलं. मला याचा राग येतो. तुम्ही हसता आणि पुढच्या घरी जाता, याचाही येतो.

बाळंतविडा जमतोय. घरमालकिणींच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी झाली, झबली-टोपरी मैत्रिणींनी आणली. कुंची माय शिवून पाठवणार आहे, तळावर रात्री बॅटरीच्या उजेडात. नको म्हटलं तरी ऐकत नाही. गाडी कुणाची, रक्त कोण देणार, 102 च्या रुग्णवाहिकेला फोन कुणी करायचा, तुम्ही लिहून घेतलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

फक्त एक घोळ उरलाय. त्याच आठवड्यात नवऱ्याची परीक्षा आहे. तुम्ही परवा जाता जाता म्हणालात, "पेपर असला तर मी हाय की." ताई, तेवढं तुमच्या वहीत लिहून ठेवा. आम्ही तुम्हाला धरूनच चाललोय. तोवर 9 तारखेच्या तपासणीला भेटूच, सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची भूगोलवाली